चुकलेल्या पत्त्यावर भेटतं कोण?

अलिबागचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी चालतं. काही जण शेवटी 'बी ए जी' लिहितात, तर काही जण मध्ये 'यू' घालून 'बी ए यू जी' करतात. पाट्यांवर, बिलांवर, लग्नपत्रिकांवर दोन्ही रूपं सर्रास दिसतात आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. अडतं ते ब्राउझरच्या पट्टीत. नागावच्या वाडीतल्या एखाद्या कॉटेजचं नाव पुण्याच्या पाहुण्याने कुणाकडून तरी तोंडी ऐकलेलं असतं. तो आठवून आठवून ते टाइप करतो, त्यात एक 'यू' कमी-जास्त होतो आणि तयार झालेल्या नावाची वेबसाइट जगात कुठेच नसते.

अशा वेळी पडद्यावर 'हा पत्ता सापडला नाही' एवढंच दिसायला हवं. पाहुणा स्पेलिंग पुन्हा तपासेल, कॉटेजवाल्याला फोन करेल, प्रश्न मिटेल. पण भारतातल्या आणि बाहेरच्याही अनेक ब्रॉडबँड ग्राहकांना बरीच वर्षं वेगळंच दिसत आलं. पत्ता चुकला रे चुकला की इंटरनेट कंपनीच्या नावाचं एक पान उघडायचं. वर शोधायची चौकट, खाली हॉटेलांच्या, विमान तिकिटांच्या, कर्जांच्या जाहिराती.

जी वेबसाइट मुळात नाहीच तिच्या जागी हे पान आलं कुठून? याचं उत्तर शोधायचं तर पत्ता टाइप केल्यापासून पान उघडेपर्यंतच्या क्षणभरात काय घडतं ते पाहावं लागेल. या क्षणभरात जे उत्तर मिळतं ते खरं मिळणं, मग ते नकारार्थी का असेना, हा ग्राहकाचा हक्क आहे असं मला वाटतं. तो का, ते पुढे येईलच.

नाव द्या, आकडा घ्या

इंटरनेटला जोडलेली यंत्रं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. प्रत्येकाला एक आकडी पत्ता असतो आणि माहितीची सगळी ने-आण त्या आकड्यावरून होते. नावं आहेत ती माणसांच्या सोयीसाठी.

इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. त्या काळात कुठल्या नावाचा कुठला आकडा याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एका संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि बाकीचे तिच्या प्रती उतरवून घेत. यंत्रं वाढत गेली तशी यादी हाताबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संगणकशास्त्रज्ञाने तिला पर्याय आखला. त्याचं नाव डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस. यात पूर्ण यादी कुणाकडेच नसते. प्रत्येकाला आपल्यापुरतं माहीत असतं आणि पुढे कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं.

अलिबागचंच उदाहरण घेऊ. हे गाव रायगड जिल्ह्याचं मुख्यालय. जिल्हा प्रशासनाची वेबसाइट 'रायगड डॉट जीओव्ही डॉट इन' या नावाने आहे. तुम्ही हे नाव टाइप केलंत की तुमचा फोन ते एका खास सर्व्हरला विचारतो. या सर्व्हरला रिझॉल्व्हर म्हणतात. नावावरून आकडा शोधून आणणं हे त्याचं काम. हा रिझॉल्व्हर बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेट कंपनीचाच असतो, कारण राउटर सुरू झाला की 'नावं अमुक ठिकाणी विचार' असं कंपनी त्याला आपोआप सांगते आणि आपण ते कधी बदलत नाही.

रिझॉल्व्हर आधी सगळ्यांत वरच्या मूळ सर्व्हरकडे जातो. असे सर्व्हर ए ते एम अशा तेरा नावांनी ओळखले जातात आणि त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. त्यांना रायगड माहीत नसतो, पण 'इन'ने संपणारी नावं कोण सांभाळतं ते माहीत असतं. ती नावं आपल्याकडे 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेच्या अखत्यारीत येतात. तिथे कळतं की 'जीओव्ही डॉट इन' म्हणजे सरकारी नावं, त्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरना विचारा. तिथून पुढे रायगडचा नेमका आकडा मिळतो. रिझॉल्व्हर तो तुमच्या फोनला देतो आणि पुन्हा लागेल म्हणून काही काळ स्वतःजवळही ठेवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं उरकतं.

या वाटचालीतलं तुमच्या फोनला काहीच दिसत नाही. तो एकाला विचारतो आणि त्या एकाचंच ऐकतो. रिझॉल्व्हर जे सांगेल ते खरं, असं धरूनच तो पुढे जातो. चुकलेल्या पत्त्याचं सगळं नाट्य घडतं ते या विश्वासामुळे.

'नाही'चेही प्रकार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि पुढचे कित्येक दिवस रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांचा बाहेरच्यांशी संपर्क जेमतेमच होता. त्या दिवसांत तिथून कुणी रायगडची वेबसाइट उघडायला गेलं असतं तर ती उघडली नसती. पण त्याचा अर्थ 'असं नाव नाही' असा नव्हता. विचारायला कुणी जागेवरच नव्हतं.

डीएनएसमध्ये या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला एक छोटा सांकेतिक आकडा असतो. तो शून्य असेल तर शोधताना काही बिघडलं नाही, उत्तर सोबत आहे. दोन असेल तर शोधणाऱ्याकडेच काही बिघाड आहे, नंतर विचारा. आणि तीन असेल तर या नावाचं कुणीही नाही. या तीनला तंत्रज्ञ 'एनएक्सडोमेन' म्हणतात, म्हणजे अस्तित्वात नसलेलं नाव. हा तीनचा आकडा कुणीही उठून द्यायचा नसतो. 'डॉट कॉम'मध्ये अमुक नाव नाही, हे 'डॉट कॉम'ची नोंदवही सांभाळणाऱ्यानेच सांगायचं. तेही उत्तर रिझॉल्व्हर काही काळ जवळ ठेवतो, म्हणजे तोच चुकीचा पत्ता हजार जणांनी विचारला तरी वर हजार हेलपाटे पडत नाहीत. नकारार्थी उत्तरं किती वेळ आणि कशी जपायची याचे तपशीलवार नियम १९९८ मध्ये लिहिले गेले. ज्यांनी ही व्यवस्था घडवली त्यांनी 'नाही'लाही 'हो'इतकंच गंभीरपणे घेतलं होतं.

इथे दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. आपल्या ओळखीचं '४०४' हे वेगळं. तिथे वेबसाइट असते, तिच्यातलं नेमकं पान नसतं, आणि तसं ती वेबसाइटच सांगते. दुसरं म्हणजे चुकीचं नाव दरवेळी बेपत्ता असतंच असं नाही. रायगडच्या शेवटच्या 'डी'ऐवजी 'आर एच' लिहिलंत तर छत्तीसगडमधल्या रायगढ जिल्ह्यात पोचाल. तिथे डीएनएसने तुम्हाला फसवलेलं नाही, विचारलं त्याचंच उत्तर दिलं. देवनागरीत पत्ते लिहिले तर हे सगळं टळेल असंही नाही. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन मिळतं, पण तिथेही 'अलिबाग'मधला 'लि' ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्न उरतोच.

तीन खोडून शून्य

आता समजा तुमच्या चुकलेल्या नावासाठी वरून तीनचा आकडा आला. प्रामाणिक रिझॉल्व्हर तो जसाच्या तसा फोनला देतो. पत्ता वळवणारा रिझॉल्व्हर तीन खोडतो, तिथे शून्य लिहितो आणि खाली स्वतःच्या जाहिरातीच्या सर्व्हरचा आकडा भरतो. फोनला वाटतं, नाव सापडलं. तो त्या आकड्यावर जातो आणि ठरलेल्या रीतीप्रमाणे 'मला अमुक नावाची वेबसाइट हवी आहे' असं सांगतो. त्या सर्व्हरला एवढंच हवं असतं. नावातले 'अलिबाग', 'कॉटेज', 'बीच' असे शब्द तो वेगळे काढतो आणि त्यांना साजेशा जाहिराती असलेलं पान पाठवून देतो. पुष्कळदा त्याच दमात तुमच्या ब्राउझरला तो आणखी वेगळ्या पत्त्यावर ढकलतो. मग पट्टीतलं तुमचं मूळ नावही पुसलं जातं आणि आपण नेमकं काय चुकीचं लिहिलं होतं, हे पाहायचीही सोय राहत नाही.

पर्यटनाच्या गावात हा प्रकार समजायला अवघड जाऊ नये. मांडव्याच्या जेट्टीवर उतरून तुम्ही रिक्षावाल्याला एका कॉटेजचं नाव सांगता. ते नाव थोडं चुकलेलं आहे. एक रिक्षावाला म्हणतो, "या नावाचं इथे काही नाही, नाव नीट विचारून घ्या." दुसरा म्हणतो, "बसा," आणि काही न बोलता जिथून त्याला कमिशन मिळतं त्या लॉजच्या दारात तुम्हाला उतरवतो. लॉज चांगलं असेलही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलंच नाही, आणि उत्तर दिलं नाही हेही तुम्हाला कळू दिलं नाही. भाडं मात्र त्याने तुमच्याकडूनही घेतलं.

पैसा कुणाच्या खिशात

कंपन्या याला ग्राहकाची मदत म्हणत आल्या. कोऱ्या त्रुटी-संदेशापेक्षा 'तुम्हाला हे हवं होतं का?' असं विचारणारं पान बरं, असा त्यांचा दावा. त्यात थोडं तथ्य आहे. नवख्या माणसाला 'सर्व्हर सापडला नाही' या वाक्यातून फारसा बोध होत नाही. पण मदतच करायची तर ती ब्राउझर करू शकतो, आणि करतोही. तो तुमच्याच यंत्रावर असतो, तुम्ही निवडलेला असतो आणि त्याला मिळालेलं खरं उत्तर तो दडवत नाही.

खरं कारण जाहिरातीच्या हिशेबात आहे. शोध-जाहिरातींमध्ये पैसे मिळतात ते टिचकीमागे. कुणी जाहिरातीवर टिचकी मारली की जाहिरातदार ठरलेली रक्कम मोजतो. ती जाहिराती पुरवणारी शोधकंपनी, चुकलेल्या पत्त्यांची पानं चालवणारी मध्यस्थ कंपनी आणि इंटरनेट कंपनी यांच्यात वाटली जाते. बेअरफ्रूट ही ब्रिटिश कंपनी आणि पॅक्सफायर ही अमेरिकी कंपनी याच धंद्यात होत्या. त्या इंटरनेट कंपन्यांना आयती यंत्रणा बसवून देत. एका चुकलेल्या पत्त्याचं मोल नगण्य असतं. पण लाखो ग्राहक रोज काही ना काही चुकतातच, आणि त्यासाठी कंपनीला नवी तार टाकावी लागत नाही की माणूस नेमावा लागत नाही. शिवाय जाणूनबुजून एखादं नाव टाइप केलेल्या माणसाला काहीतरी ठरावीक हवं असतं. 'अलिबाग कॉटेज' लिहिणारा खोलीच शोधत असतो. जाहिरातदाराला असं गिऱ्हाईक सोन्यासारखं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. ग्राहकाने महिन्याचं बिल भरलेलं असतं. त्या बिलात नावाचा खरा आकडा किंवा खरा नकार आणून देणं आलंच. तो नकार कंपनीचा माल नाही. तो विकायचा तर आधी ग्राहकाला विचारायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी विचारलं गेलं नाही. 'नको असेल तर बंद करा' अशी सोय एखाद्या कोपऱ्यात ठेवली गेली. तीही कधीकधी नावापुरतीच असे: ब्राउझरमध्ये एक खूण ठेवली जाई आणि जाहिरातीऐवजी ब्राउझरच्या संदेशासारखं दिसणारं पान पाठवलं जाई. तीन खोडणं चालूच राहायचं.

२००३ चे एकोणीस दिवस

हा खेळ एखाद्या इंटरनेट कंपनीने नव्हे, तर थेट नोंदवही सांभाळणाऱ्यानेच खेळला तर काय होतं, ते जगाने २००३ मध्ये पाहिलं. 'डॉट कॉम' आणि 'डॉट नेट' या दोन्ही नोंदवह्या अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहेत. १५ सप्टेंबर २००३ रोजी तिने कुणालाही पुरेशी पूर्वसूचना न देता एक बदल केला. या दोन्हींमधलं जे नाव नोंदलेलं नसेल त्याचं उत्तर म्हणून स्वतःच्या 'साइट फाइंडर' या पानाचा आकडा द्यायला सुरुवात केली. त्या दिवसापासून 'डॉट कॉम'मध्ये कुठलंही नाव 'नाही' असं राहिलं नाही. किबोर्डवर हात आपटून उमटलेली अक्षरंसुद्धा व्हेरिसाइनच्या मते अस्तित्वात होती.

पहिला फटका बसला तो टपालाला, म्हणजे ईमेलला. नको असलेल्या मेल गाळणाऱ्या अनेक यंत्रणा एक साधी चाचणी करत: पाठवणाऱ्याचं डोमेन खरोखर आहे का? नसेल तर मेल फेकून द्यायची. आता प्रत्येक बनावट डोमेन 'आहे' असं उत्तर येऊ लागलं आणि ही चाचणी निकामी झाली. डीएनएस सर्व्हरसाठी जगभर वापरलं जाणारं 'बाइंड' हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काही दिवसांतच त्यात सुधारणा काढली. तिच्यामुळे व्हेरिसाइनची बनावट उत्तरं ओळखून ती पुन्हा 'नाही'मध्ये बदलता येऊ लागली. ओरड वाढली. इंटरनेटच्या नावांवर देखरेख करणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने ३ ऑक्टोबरला सेवा थांबवण्याची ताकीद दिली आणि ४ ऑक्टोबरला साइट फाइंडर बंद झालं.

तीन वर्षांनी, २००६ मध्ये, असंच कॅमेरूनच्या 'डॉट सीएम' या डोमेनमध्ये झालं. 'डॉट कॉम' लिहिताना मधला 'ओ' सुटला की माणूस थेट तिथे जाई. एका देशाच्या डोमेनचा उपयोग इतरांच्या चुकांवर कमाई करण्यासाठी झाला.

बिघडतं काय

'असेनात का जाहिराती, पान बंद केलं की झालं' असं अनेकांना वाटतं. पण डीएनएस फक्त वेबसाठी नाही. मेल, छपाईयंत्रं, कार्यालयांची अंतर्गत जाळी, फोनमधली ॲप्स, सगळी त्यालाच नाव विचारतात. त्यांना जाहिरातीचं पान दाखवून उपयोग नसतो. त्यांना सरळ उत्तर लागतं.

मेलचं पाहा. पत्त्यातलं डोमेन चुकलं असेल तर 'नाही' हे उत्तर मिळताच मेल परत येते आणि पाठवणारा चूक सुधारतो. पण मेल सर्व्हर उत्तर बदलणाऱ्या रिझॉल्व्हरवर अवलंबून असेल, तर त्याला वाटतं की घर आहे, दार तेवढं कुणी उघडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहायचं, अगदी चार-पाच दिवससुद्धा, असा मेलचा रिवाज आहे. निविदेची मुदत उलटून गेल्यावर कळायचं की पत्ताच चुकला होता.

कार्यालयाच्या जाळ्याची गत वेगळी. कर्मचारी घरून काम करताना कचेरीतल्या एखाद्या यंत्राचं अंतर्गत नाव विचारतो. बाहेर ते नाव नसणारच. 'बाहेर नाही' असं कळलं की संगणक ते कचेरीच्या जाळ्यात शोधतो. पण बाहेरूनच 'आहे' असं उत्तर आलं तर तो आत शोधायलाच जात नाही. अशा तक्रारी आल्यावर काही कंपन्यांनी फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ने सुरू होणारी नावंच वळवायची मर्यादा घातली.

सगळ्यांत धोक्याची बाब मात्र सुरक्षिततेची आहे, म्हणून ती जरा सावकाश पाहू. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर लॉगिन करता तेव्हा ती तुमच्या ब्राउझरमध्ये ओळखीची एक चिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. काही कुक्या मुख्य नावासाठी आणि त्याच्या सगळ्या उपनावांसाठी चालतात. आता बँकेच्या नावापुढे चुकून चार वेळा 'डब्ल्यू' टाइप झालं. त्या उपनावाचं काहीही अस्तित्वात नाही. पण रिझॉल्व्हर तिथे जाहिरातीच्या सर्व्हरचा आकडा देतो. ब्राउझरच्या दृष्टीने तो बँकेच्याच घरातला सर्व्हर असतो, म्हणून जास्तीचं बंधन नसेल तर बँकेची कुकीही तो त्याच्या हाती देऊन टाकतो. एप्रिल २००८ मध्ये सुरक्षातज्ज्ञ डॅन कामिन्स्की यांनी हाच धागा पकडून प्रात्यक्षिक दाखवलं. अर्थलिंक या अमेरिकी इंटरनेट कंपनीची चुकलेली पानं बेअरफ्रूट चालवत होती आणि त्या पानांत एक खोट होती. तिचा फायदा घेऊन मोठमोठ्या, निर्दोष वेबसाइटांच्या नावाखाली हवा तो मजकूर आणि हवी ती आज्ञावली चालवता येत होती. त्या वेबसाइटांनी स्वतः काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. खोट लगेच बुजवली गेली, पण भलत्याच्या नावाने उत्तर देण्यात काय जोखीम आहे ते सिद्ध झालं होतं.

आणि एक परिणाम असा की तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये पत्ता आणि शोध यांची पट्टी एकच आहे. तुम्ही तिथे नुसता 'ओहोटी' असा एकच शब्द लिहिलात, तर तो शोधायचा शब्द आहे की कचेरीच्या जाळ्यातल्या यंत्राचं नाव, हे क्रोमला डीएनएसला विचारून ताडावं लागे. रिझॉल्व्हर सगळ्यालाच 'आहे' म्हणत असेल तर हा अंदाज फसतो. म्हणून क्रोम सुरू होताना, आणि जाळं बदललं की दर वेळी, मनाला येतील त्या अक्षरांची तीन नावं विचारू लागला. त्यांना 'आहे' असं उत्तर आलं की समजायचं, इथे उत्तरं बदलली जातात. युक्ती चांगली होती. पण त्या नावांना 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असं काही शेपूट नसे, त्यामुळे ती विचारणा थेट सगळ्यांत वरच्या मूळ सर्व्हरपर्यंत जाई. क्रोम जगभर पसरला तसे हे प्रश्न साचत गेले. मूळ सर्व्हरवर येणाऱ्या एकूण विचारणांपैकी जवळपास निम्म्या क्रोमच्या या चाचणीच्या आहेत, असं २०२० मध्ये मोजणीतून दिसलं. त्यानंतर क्रोमने ही पद्धत आवरती घेतली आणि मूळ सर्व्हरवरचा भार लगेच उतरला. काही कंपन्या खोटं बोलतात म्हणून ते पकडण्यासाठी साऱ्या जगाच्या सामायिक यंत्रणेवर एवढा बोजा पडत होता.

■ करून पाहा
तुमच्याकडे नकार खरा मिळतो का, हे तपासायला एक मिनिट पुरे.
फोनवर: ब्राउझरच्या पट्टीत पंधरा-वीस अक्षरं कशीही दाबा, पुढे 'डॉट कॉम' लिहा. 'साइट सापडली नाही' असा ब्राउझरचा स्वतःचा संदेश आला तर ठीक. जाहिरातींचं किंवा शोधायचं पान आलं तर उत्तर वाटेत बदललं गेलं आहे.
विंडोजच्या संगणकावर: कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनएसलुकअप' ही आज्ञा द्या आणि पुढे तेच निरर्थक नाव लिहा. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' असं उत्तर यायला हवं. त्याऐवजी आकडी पत्ता आला तर तीनचा शून्य झालेला आहे.

जोर का ओसरला

हा प्रकार पूर्वीइतका आता दिसत नाही, आणि त्याला कंपन्यांच्या सद्बुद्धीपेक्षा तंत्रातले बदल जास्त कारणीभूत आहेत. पहिला बदल म्हणजे एचटीटीपीएस, पट्टीतल्या कुलपाने आपल्याला माहीत झालेलं. यात वेबसाइटला आपल्या नावाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. जाहिरातीच्या सर्व्हरकडे तुमच्या चुकलेल्या नावाचं प्रमाणपत्र असणं शक्यच नाही, म्हणून ब्राउझर पानाऐवजी धोक्याचा इशारा दाखवतो. जाहिरातच दिसली नाही तर टिचकी कुठली?

दुसरा बदल डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याचा. डीएनएससेक या पद्धतीत नोंदवही सांभाळणारा प्रत्येक उत्तरावर, नकारावरसुद्धा, सांकेतिक सही करतो. वाटेत कुणी एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही. मूळ सर्व्हरच्या पातळीवर ही सही १५ जुलै २०१० पासून सुरू झाली. अमेरिकेतल्या कॉमकास्ट कंपनीची 'डोमेन हेल्पर' नावाची अशीच पत्ते वळवणारी सेवा होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने सह्या तपासायची यंत्रणा सगळ्या ग्राहकांसाठी पुरी केली आणि त्याच वेळी डोमेन हेल्पर बंद केलं. सही तपासायची आणि उत्तरही बदलायचं, हे एकत्र जमण्यासारखं नव्हतं. ओपनडीएनएस ही मोफत रिझॉल्व्हर देणारी कंपनीही चुकलेल्या पत्त्यांवर जाहिराती दाखवूनच खर्च भागवत असे. तिनेही २०१४ मध्ये ते थांबवलं.

भारतात मात्र वाटेत हात घालण्याची सवय इतर रूपांत उरलेली आहे. जून २०१५ मध्ये एअरटेलच्या ३जी जाळ्यावर बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला आपल्याच वेबपानात परका कोड घुसवलेला सापडला. ग्राहकांना डेटाचा वापर कळावा म्हणून ही सोय चाचणीपुरती होती, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं. तिथे डीएनएसचं उत्तर बदललं नव्हतं, पानच बदललं होतं. प्रवृत्ती मात्र तीच. आणि सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने एखादी वेबसाइट बंद करायची असते तेव्हा अनेक कंपन्या डीएनएसचाच आधार घेतात: खऱ्या नावाला खोटा आकडा द्यायचा आणि 'दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार बंद' अशा मजकुराच्या पानावर पोचवायचं. आदेश कायदेशीर असेल तर निदान त्यामागे कुणीतरी जबाबदार असतं आणि दाद मागायला जागा असते. जाहिरातीसाठी तीन खोडणाऱ्याला असा कुठला आदेश नव्हता.

आपल्या हातात काय

तपासणीत उत्तर बदललेलं आढळलं तर रिझॉल्व्हर बदलता येतो. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ या आकड्यावर आणि क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ रोजी १.१.१.१ वर सर्वांसाठी मोफत रिझॉल्व्हर सुरू केले. नसलेल्या नावाला दोन्हींकडे 'नाही' असंच उत्तर मिळतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात हा आकडा भरला की घरातल्या सगळ्या यंत्रांना तो लागू होतो. केबलवाल्याने राउटरला कुलूप घातलं असेल तर त्याच्याकडून करून घ्या. हे मागण्यात काही गैर नाही.

पण नुसता आकडा बदलून दरवेळी भागत नाही. डीएनएसचे प्रश्न मुळात उघडे, कुणालाही वाचता येतील असे जातात. त्यामुळे तुम्ही ८.८.८.८ला विचारलेला प्रश्न कंपनी मध्येच अडवून स्वतः उत्तर देऊ शकते. म्हणून प्रश्नच बंद पाकिटात पाठवायच्या पद्धती आल्या. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय असतो. तिथे 'डीएनएस डॉट गूगल' किंवा 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन' हे नाव इंग्रजीत भरलं की फोनचे प्रश्न कुलूपबंद जातात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हीच सोय 'सिक्युअर डीएनएस' किंवा तत्सम नावाने आहे. यात एक अदलाबदल आहे, ती समजून करावी: तुम्ही कुठली नावं विचारता ते आता तुमच्या इंटरनेट कंपनीऐवजी त्या परदेशी कंपनीला कळेल. कुणावर विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण निदान ठरवणारे आपण असू.

सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक शेवटची अडचण. कॉटेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायला जोडलं की बऱ्याच ठिकाणी आधी मोबाइल नंबर मागणारं एक पान उघडतं. ते उघडावं म्हणून तिथला राउटर सुरुवातीला तुमचे प्रश्न अडवून कुठल्याही नावाला आपलाच आकडा देतो. प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर त्याला ते जमत नाही, पान उघडत नाही आणि 'वायफाय चालत नाही' अशी तक्रार सुरू होते. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन ते 'ऑटोमॅटिक'वर ठेवा, नंबर भरून लॉगिन करा आणि नेट सुरू झालं की रिझॉल्व्हरचं नाव पुन्हा भरा.